गड्ड्याचा बाजार : कधी जावं, काय खावं, काय पारखून घ्यावं

सोलापूरचा गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा आणि तिच्यासोबत होम मैदानावर भरणारा बाजार. या गड्ड्यावर बाहेरगावाहून येणारे बहुतेक जण सगळं एकाच संध्याकाळी उरकायला बघतात: नंदीध्वज, होम, पाळणे, भजी, चादर, टॉवेल. मग धड दर्शन होत नाही आणि खरेदीही अंधारात, घाईत, धक्के खात होते. यात्रा आणि बाजार ही दोन वेगळी कामं आहेत. यात्रेचे पाच दिवस सिद्धरामेश्वरांसाठी ठेवावेत. बाजार कप्पडकळ्ळीनंतरच्या, म्हणजे यात्रेचा शेवटचा विधी झाल्यानंतरच्या आठवड्यात, शक्यतो मधल्या वारी करावा. बाजार साधारण महिनाभर चालतो, त्यामुळे यात्रेच्या गर्दीतच पिशव्या भरण्याची गरज नसते.

तारखांचं गणित संक्रांतीला बांधलेलं आहे. संक्रांत १४ जानेवारीला असेल तर १२ ला शहरातल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, १३ ला भोगीच्या दिवशी मंदिराजवळच्या सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा, १४ च्या रात्री होम मैदानावर होमप्रदीपन, १५ ला किंक्रांतीच्या संध्याकाळी शोभेचं दारूकाम आणि १६ ला कप्पडकळ्ळी. संक्रांत १५ ला सरकली की सगळं एकेक दिवस पुढे जातं. गेल्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवून रेल्वेचं तिकीट काढणाऱ्यांची अक्षता इथेच हुकते. तिकिटाआधी त्या वर्षीची भोगी कधी आहे ते बघा. १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचाही दिवस. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली. त्या दिवशी शहरात असाल तर हुतात्मा चौकात थांबून नमस्कार करूनच पुढे जावं.

स्टेशन काय आणि एसटी स्टँड काय, दोन्हीकडून होम मैदान दोन-अडीच किलोमीटरच्या आत आहे. सामान नसेल तर चालत जाणं उत्तम. यात्रेच्या दिवसांत मिरवणुकीच्या मार्गावरचे रस्ते बंद असतात, रिक्षा लांबूनच वळवतात आणि भाडंही चढं सांगतात. बसण्याआधी ठरवून घ्या. स्वतःची गाडी असेल तर ती मैदानाच्या जवळ न्यायचा हट्ट करू नका. दहा-पंधरा मिनिटं चालावं लागेल इतकी लांब लावली तर निघताना तासभर अडकून पडत नाही. कपड्यांचं म्हणाल तर सोलापूरचा जानेवारी फसवा आहे. दुपारी पारा तिशीला टेकतो आणि रात्री पंधरा-सोळावर येतो. अक्षतेच्या दिवशी टोपी आणि पाण्याची बाटली हवी, होमाच्या रात्री कानटोपी आणि शाल.

यात्रेतलं सगळ्यात मोलाचं दृश्य म्हणजे सात नंदीध्वज. यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या उत्तर कसब्यातल्या वाड्यापासून ते निघतात. प्रत्येक नंदीध्वजाचा मान वेगळा, आणि त्यात वेगवेगळ्या समाजांचा वाटा आहे. लांबच लांब काठी उभीच्या उभी पेलायची असते. कंबरेला आधार घेऊन एक जण भार घेतो आणि आजूबाजूचे साथीदार नजर वरच्या टोकावर ठेवून चालतात. जवळून बघायचं असेल तर काठीच्या शेंड्याकडे बघू नका, पेलणाऱ्याच्या पायांकडे बघा. शेंडा डावीकडे कलायला लागला की पाय आधी डावीकडे सरकतो, मग खांदा, आणि काठी पुन्हा सरळ येते. हे आपोआप जमत नाही, त्यासाठी आदल्या कित्येक आठवड्यांपासून सराव चालतो. पांढऱ्या बाराबंदीतल्या (बंद बांधायच्या अंगरख्यातल्या) भक्तांच्या रांगा आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर दुरूनही ऐकू येतो, त्यासाठी गर्दीच्या पोटात शिरायला नको. अरुंद गल्लीपेक्षा रुंद रस्त्याची कड धरा आणि वळणाच्या तोंडाशी कधीही उभे राहू नका. तिथे तोल सावरायला पेलणाऱ्याला मोकळी जागा लागते.

अक्षता सोहळा दुपारी असतो, पण मंदिराचं आवार सकाळपासूनच भरत जातं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा आग्रह कुंभारकन्येने धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, ही त्यामागची कथा. सम्मतीची वचनं म्हटली जातात, ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’चा घोष होतो आणि चारी बाजूंनी अक्षता पडतात. प्रत्यक्ष विधी आटोपशीर आहे आणि त्यासाठीची प्रतीक्षा मोठी. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले यांना आवारात आत नेऊ नये. तळ्याच्या काठाने जिथून मंदिर दिसतं तिथे सावली बघून बसावं, ध्वनिक्षेपकावर सगळं ऐकू येतं. होमाच्या रात्री मात्र मैदानात जागा भरपूर असते. बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्येची प्रतिकृती सजवून अग्नी दिला जातो आणि नंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य आणि इतर जिन्नस ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, कसं वागतं, यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि भाव यांचा अंदाज सांगतात. नंदीध्वज मैदानावर पोचायला रात्र होते. आठ वाजता जाऊन कंटाळून परतणारे पुष्कळ असतात. जेवून, गरम कपडे घालून सावकाश गेलेलं बरं.

दारूकामाची संध्याकाळ ही वर्षातली सगळ्यात दाट गर्दी. त्याबद्दल एकच सांगणं: कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नका. अर्धा तास जागेवर बसून राहा. सगळे एकदम बाहेरच्या रस्त्यांवर येतात तेव्हाच चेंगराचेंगरीची भीती असते. मैदानातून जो आपत्कालीन रस्ता मोकळा ठेवलेला असतो, त्यावर चटई टाकून बसू नये. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी तिथूनच येते.

आता बाजार. पाळणे, मौत का कुआँ, ब्रेक डान्स, खेळण्यांची दुकानं, बांगड्या, भांडी, लोणची, खाण्याचे स्टॉल असा पसारा आहे. सगळ्यात मोठा दोष धूळ. वारा पडलेला असला की ती उडून जात नाही, दिव्यांच्या उजेडात तरंगत राहते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क लावूनच जावं आणि उघड्यावर ठेवलेले ओले पदार्थ टाळावेत. जायची उत्तम वेळ मधल्या वारी संध्याकाळी पाच ते सात. उजेड असतो, माल नीट बघता येतो, दुकानदाराला बोलायला सवड असते. शनिवार-रविवारी रात्री आठनंतर फक्त पुढे सरकत राहायचं काम होतं.

पाळण्यांबद्दल थोडक्यात. तिकीट काढण्याआधी एक फेरी बाहेरून बघा. पाळण्याच्या दाराला कडीबरोबर आडवी पिन घालतात का, चालवणारा प्रत्येक पाळण्याची कडी स्वतः हलवून बघतो का, मोठ्या चाकाच्या पायाखालचे लाकडी ठोकळे सपाट बसलेत का, फेरी चालू असताना सांगाडा जमिनीपाशी हलतो का. पायाशी हालचाल दिसली तर तिथे बसू नये. पोरांना उंचीप्रमाणे नाकारणारा पाळणेवाला चांगला, त्याच्याशी वाद घालू नका. सैल ओढणी आणि मफलर गुंडाळून पिशवीत ठेवा.

भांड्यांच्या दुकानांत बिडाचा तवा आणि दगडी खलबत्ता या दोन वस्तू घेण्यासारख्या. तव्याच्या मधोमध नाणं ठेवून बोटाने फिरवा. ते लटपटत असेल तर तवा सपाट नाही आणि भाकरी एका बाजूनेच भाजेल. वरून काळा रंग दिलेला तवा घेऊ नका, बोट घासलं की काळं लागतं. घरी आणल्यावर घासून, तेल लावून, मंद आचेवर तापवून, पुन्हा तेल लावून दोन-तीन वेळा मुरवावा लागतो. खलबत्त्यात आधी मूठभर तांदूळ कुटून फेकायचे. पीठ पांढरं शुभ्र निघेपर्यंत हे करत राहायचं. करडं पीठ म्हणजे दगडाची कच अजून सुटते आहे. मसाला त्यानंतरच.

खाण्यात भजी, जिलेबी ठीक. कढईतलं तेल काळं होऊन त्यावर बारीक फेस राहत असेल तर पुढच्या स्टॉलवर जा. खरी कमाई वेगळीच आहे, ती म्हणजे सोबत न्यायचे सोलापुरी जिन्नस.

शेंगा चटणी घेताना पाकिटावरच्या छपाईपेक्षा चटणीच बघावी. चांगली चटणी उखळात कुटलेली असते. कुटताना दाण्याला सुटलेलं तेल तिखट-लसणात मुरतं, त्यामुळे चटणी ओलसर, गडद लाल आणि किंचित गोळ्याची होते. चिमूट घेऊन दाबा. बोटांवर तेल आलं, गोळा झाला आणि टिचकी मारल्यावर तो मोडला, तर कुटलेली आहे. मिक्सरची चटणी दोनच प्रकारची निघते: कमी फिरवली तर कोरडा कूट, जास्त फिरवली तर चिकट लगदा. कोरड्या चटणीवर काही जण वरून तेल घालतात. ते तेल पाकिटाच्या तळाशी वेगळं दिसतं, दाण्याचं स्वतःचं तेल असं साचत नाही. मग वास घ्या. जुनी झाली की दाणा खवट होतो आणि लसूण कितीही असला तरी तो वास झाकत नाही. घरी करायची तर पाव किलो शेंगदाण्यांना लसणाच्या १२ ते १५ पाकळ्या, अडीच-तीन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरे आणि चवीला मीठ. दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजायचे. मोठ्या आचेवर साल काळी पडते आणि आत दाणा कच्चा राहतो, अशी चटणी कडवट लागते आणि लवकर बिघडते. दाणे पूर्ण गार झाल्यावर साल काढून मग लसूण-जिऱ्याबरोबर कुटायला घ्यायचे. ओला हात, ओला चमचा लागला नाही तर महिनाभर सहज राहते.

कडक भाकरी ज्वारीची आणि बाजरीची, दोन्ही मिळतात. बाजरीची तिळाची असेल तर भोगीची आठवण येते. घेताना पाकीट कानाशी नेऊन हलक्याने दाबा. कट्ट असा आवाज आला पाहिजे. वाकली आणि मोडली नाही तर दमट लागलेली आहे. जाडीही बघा. पापडाएवढी पातळ असेल तर आमटीत टाकताच विरघळते. थोडी जाड, सगळीकडे सारखी भाजलेली, डाग तपकिरी पण काळे नाहीत, अशी घ्यावी. चुरून गरम आमटीत किंवा घट्ट दह्यात, वरून शेंगा चटणी आणि कच्चं तेल. घरी नेल्यावर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मऊ पडली तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा कडक करता येते.

शेंगा पोळीत सारण कडेपर्यंत पोचलेलं असावं. एक पोळी विकत घेऊन मधून न मोडता कडेने मोडा. कडेला दोन बोटं नुसतं पीठच असेल तर बाकीच्याही तशाच. पोळीवर काळे, चिकट ठिपके म्हणजे गूळ नीट चिरला नव्हता, खडे फुटून तव्यावर जळले. अशी पोळी कडू लागते.

याच दिवसांत हुरडा असतो. शहराबाहेर शेतांवर हुरड्याची सोय करणारे बरेच आहेत, आणि तिथे फसायलाही जागा आहे. सोलापूर हा मालदांडी ज्वारीचा मुलूख आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे, पण मालदांडी ही भाकरीची ज्वारी. हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले उत्तरा, फुले मधुर यांसारखी गोड, भोंडातून (दाण्यावरच्या टरफलातून) सहज सुटणारी वाणं लागतात. नोंदणी करताना वाण कोणतं ते सरळ विचारा. नाव सांगता न येणारा माणूस बहुधा दुसरीकडून कणसं आणतो. पोचल्यावर एका दाण्यावर नख दाबा. पातळ पाणी उडालं तर कोवळा आहे, भाजताना आक्रसतो. नुसतं पांढरं पीठ दिसलं तर वेळ गेली. दाट, चिकट दूध आलं की योग्य. कणसं त्याच सकाळी तोडलेली हवीत, कारण तोडल्यानंतर दाण्यातली गोडी दर तासाला उतरते.

भाजायची अगटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची असावी, जाळाची नाही. जाळावर भोंडं करपतात आणि धुराचा वास दाण्याला लागतो. कणीस गरम राखेत खुपसून, फिरवत फिरवत काढायचं आणि हाताला चटका बसतो आहे तोवरच चोळायचं. गार झालं की दाणा भोंडाला धरून बसतो आणि चोळताना फुटतो. नंतर सुपात पाखडून लगेच ताटात. सोबत शेंगा चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, हरभऱ्याचा डहाळा, बोरं. वर पाणी ढोसण्यापेक्षा ताक प्या, पोट जड होत नाही. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ सांगून ठेवा. दुपारी एकला गेलात तर सकाळी भाजून झाकून ठेवलेला हुरडा पुढ्यात येण्याचा धोका आहे, आणि तो खाण्यात काही अर्थ नाही.

आता चादर. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही देशात अगदी सुरुवातीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंपैकी. म्हणूनच तिच्या नावावर दुसरा माल खपतो. पानिपतकडच्या स्वस्त मिश्र धाग्याच्या चादरी सोलापुरी म्हणून राज्यभरातल्या जत्रांत विकल्या जातात, आणि सोलापूरच्या जत्रेतही डोळे उघडे ठेवावे लागतात. आमची शिफारस स्पष्ट आहे: गड्ड्यावर चादर बघा, हात लावा, नमुने मनात ठेवा, पण खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी चाटी गल्लीत, नव्या पेठेत किंवा पूर्व भागातल्या कारखान्यांच्या विक्री दुकानांत करा. तिथे उजेड असतो, वजनकाटा असतो, पक्की पावती मिळते, आणि रंग बसला नाही तर परत नेऊन दाखवायला पत्ता असतो. जत्रेतला पिवळा दिवा तर लालाला मरून आणि निळ्याला काळं दाखवतो.

पारख अशी. चादर उलटी करा. जॅकार्डवर (विणीतच नमुना काढणाऱ्या मागावर) विणलेल्या सोलापुरी चादरीचा नमुना दोन्ही बाजूंना तसाच स्वच्छ दिसतो, फक्त रंग अदलाबदल होतात: वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर पाठीमागे पांढऱ्या जमिनीवर लाल. पाठीमागे लोंबणारे धागे दिसले, किंवा नमुना फिकट, छापल्यासारखा असेल तर ठेवून द्या. मग दोन हातांनी चादर उजेडासमोर धरा. विणीतून ठिपक्या-ठिपक्यांनी उजेड येऊ नये. सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंच असते, म्हणजे सव्वातीन-साडेतीन चौरस मीटर. शुद्ध सुती आणि घट्ट विणीची एवढी चादर किलोच्या वर भरलीच पाहिजे. हलकी भरली तर वीण विरळ आहे, ती दोन हिवाळ्यांत जाळीदार होईल. वजन बघताना ओलसरपणा आणि खळही बघा. खळ भरून जड केलेली चादर हातात चुरगाळली की कागदासारखी वाजते आणि बोटांवर पांढरी भुकटी राहते.

शेवटची कसोटी धाग्याची. कडेच्या दशीतला एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर, चादरीपासून लांब नेऊन काडीने पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटात मऊ विरते. टोकाला वितळून कडक काळा मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. चांगला दुकानदार याला कधी नाही म्हणत नाही. रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर दहा-बारा वेळा घासा. किंचित छटा लागली तर चालेल, रुमाल रंगला तर ती चादर पहिल्या धुण्यात स्वतःच्याच पांढऱ्या भागावर डाग पाडणार.

धुण्यात बहुतेक चादरी खराब होतात. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, गार पाण्यात, साध्या पावडरीने. सुती माल पहिल्या धुण्यात थोडा आटतो, त्यामुळे पलंगाच्या मापाची घेताना तीन-चार इंच जास्तीची घ्या. ओली झाली की तिचं वजन दुप्पट-तिप्पट होतं. लहान मशीनमध्ये ती एका बाजूला गोळा होऊन यंत्र धडधडतं. वाळत घालताना एका दोरीवर मधोमध टाकू नका, पाण्याच्या भाराने मधला पट्टा ताणला जातो आणि चादर कायमची तिरकी होते. दोन दोऱ्यांवर पसरून, सावलीत. उन्हाळ्यात ठेवताना पूर्ण वाळलेली, सुती कापडात गुंडाळून, दर पावसाळ्यानंतर एकदा उन्हात.

टॉवेलबद्दल नेहमीची तक्रार असते की नवा टॉवेल पाणी पीत नाही. तो दोष मालाचा नसतो. कारखान्यातल्या फिनिशिंगचा थर फासांवर (टॉवेलवरच्या धाग्याच्या वळशांवर) असतो. दोनदा धुतल्यावर तो जातो. त्यात कपडे मऊ करणारं द्रव घातलं तर उलट आणखी थर चढतो. घेताना टॉवेल दुमडा. दुमडीवर फासांच्या खालची जमीन दिसली नाही तर फास दाट आहेत. एखादा फास ओढला गेला तर उपटू नका, कात्रीने बरोबरीत कापा. ओढला तर अख्खी ओळ उसवते. रोजच्या वापराला मध्यम जाडीचा घ्यावा. फार जाड टॉवेल पावसाळ्यात वाळत नाही आणि कुबट होतो.

तळ्याबद्दल. मंदिर तळ्याच्या मधोमध आहे, एका बाजूला भुईकोट किल्ला, आणि हिवाळ्यातल्या सकाळी सात-आठच्या सुमारास हा परिसर बघायला सोलापुरात याहून चांगली जागा नाही. सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं अशी श्रद्धा आहे. त्याच तळ्याच्या काठाला जत्रेच्या दिवसांत चहाचे कप आणि पत्रावळी साचतात, हे बघवत नाही. निर्माल्य पाण्यात सोडू नका, त्याच्यासाठी ठेवलेल्या कुंडातच टाका. पाण्यात कुजणाऱ्या फुला-पानांनी प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. मुलांना माशांना चुरमुरे घालू देऊ नका, तेही तळाशी जाऊन कुजतात.

शेतकऱ्यांसाठी जनावरांचा बाजार वेगळा, विजापूर रोडवर रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात भरतो. खिल्लार जातीचे बैल बघायला शहरी माणसानेही जावं, पण बैलाच्या मागे आणि दोन जनावरांच्या मध्ये उभं राहू नये, आणि मालकाला विचारल्याशिवाय शिंगांना हात लावू नये. तिथूनच जवळ संभाजी तलाव आहे.

परतीचं सामान बांधताना चादर तळाशी सपाट, त्यावर टॉवेल, आणि कडक भाकरीचा डबा सगळ्यात वर, आडवा. चटणीचं पाकीट दुहेरी पिशवीत, चादरीपासून लांब. दाण्याच्या तेलाचा डाग सुती चादरीवर पडला तर लगेच त्यावर कोरडं पीठ टाकून तासभर ठेवा, झटका, आणि मगच साबण लावा. आधी पाणी लावलं तर तो डाग पसरून बसतो. सकाळच्या पुण्या-मुंबईकडच्या गाड्या सहा-साडेसहाच्या सुमारास सुटतात, तेव्हा दुकानं उघडलेली नसतात. म्हणून खरेदी आदल्या दिवशीच दुपारपर्यंत संपवावी.